फुकट पलटण

१ सप्टेंबर, सोमवार

सरकारकडून दोन वह्या आल्या. एक साहेबलोकांना दाखवायची, दुसरी जास्तीची. कारकून म्हणाला, परत पाठवायची तर चार पत्रं लिहावी लागतील, त्यापेक्षा तुम्हीच ठेवा. ठेवली. पानापानावर तीन रकाने छापलेत: ताटं, उरलं, शेरा. बावन्न वर्षांत माझा शेरा कुणी मागितला नव्हता. आता मागितलाच आहे तर देते म्हटलं.

तर शेरा असा. शाळेच्या जेवणघरात आजपासून नवी योजना. इतके दिवस ज्याला परवडेल तो कुपन घेऊन जेवायचा, बाकीचे घरून डबा आणायचे आणि काही जण नळाला तोंड लावून सरळ मैदानावर पळायचे. आता ज्यांना कुपन परवडत नाही त्यांच्या जेवणाचा खर्च सरकार करणार. आईने नाहीतर बापाने एका फॉर्मवर सही करायची, झालं. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, ज्या उंचीने माझ्या खांद्यालाही लागत नाहीत, त्यांनी आणखी एक सांगितलं. महिनाअखेरपर्यंत अर्ध्या शाळेचे फॉर्म आले तर सगळ्याच शाळेला जेवण फुकट. कुपनं बंद, यादी बंद, एकच रांग. चारशे बारा पोरं, म्हणजे दोनशे सहा फॉर्म. आज आहेत चौऱ्याहत्तर. मी म्हटलं, बाई, अर्धी शाळा काय उपाशी आहे का? त्या फॉर्म मोजत राहिल्या.

दोन रांगा मी लावल्या. कुपनवाले उजवीकडे, यादीतले डावीकडे, कारण यादीत नाव शोधून खूण करेपर्यंत बाकीच्यांचा भात गार होतो. पण पोरं कुठली ऐकतायत! शेवटी पातेल्यावर डाव आपटला आणि ओरडले, "चला, फुकट पलटण, डावीकडे!" अख्खा हॉल खो खो हसला. बाईसुद्धा. डावी रांग सुतासारखी सरळ.

नावं ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही. माझ्याबरोबर जेवण वाढते ती घुमी, कारण दिवसाला चार शब्द बोलते. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी याच शाळेत पाचवीला आहे, ती मुंगी. मला पोरं मागून पळीबाई म्हणतात. मला ठाऊक आहे, मला चालतं.

३ सप्टेंबर, बुधवार

यादीत एक्क्याऐंशी. जेवायला आले त्रेपन्न. बाकीचे कुठे उलथले?

मुंगी डबा आणते. कोपऱ्यातल्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसते आणि झाकण आडवं धरून खाते, जसं काही आत हिरेमाणकं आहेत. म्हटलं, काय गं, आईने काय दिलंय एवढं लपवून खायला? मान हलवली नुसती. शिष्ट कुठली. आईवर गेलीय.

७ सप्टेंबर, रविवार

धाकटी, तिचा नवरा आणि मुंगी जेवायला आले होते. मीच बोलावलं, नाहीतर हल्ली त्यांना सवड कुठे असते! मेहुण्याची म्हणे लांबलचक सुट्टी चाललीय. दाढी वाढवलीय, शोभत नाही.

मुंगीने चार वेळा भात घेतला. चार वेळा! मी म्हटलं, "काय गं, आई घरी जेवायला घालत नाही वाटतं?" सगळे हसले. मेहुणा जरा उशिरा हसला. धाकटी स्वतःचं ताट अर्धं टाकून उठली आणि भांडी घासायला बसली. तिचं हे असंच, पाहुणी म्हणून आली तरी दोन हात रिकामे ठेवणार नाही. उरलेला भात बांधून देऊ का विचारलं तर नको म्हणाली. मग निघताना दारात म्हणाली, "बरं, दे." एकदा काय ते ठरव ना बाई.

९ सप्टेंबर, मंगळवार

यादीतली ताटं एक्केचाळीस. एवढं पातेलं उरलं. जीव तुटतो टाकताना. सरकारी वहीत शेरा लिहिला: "मागणी कमी." अक्षर छान आलं.

नऊ जणांच्या आया येऊन फॉर्म परत घेऊन गेल्या. एकीला विचारलं, का हो? म्हणाली, पोरगी नको म्हणते. घ्या! पोरं नको म्हणतात आणि आयाही ऐकतात. आमच्या वेळी असं म्हणायची सोय होती का?

घुमीने आज पाचवा शब्द काढला. ताटं रचता रचता म्हणाली, "ते पलटण नका म्हणू." मी म्हटलं, अगं गंमत असते, पोरांना मजा वाटते. ती परत घुमी झाली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मैदानावर पोरं पलटण-पलटण खेळत होती. एकाला पुढे घालायचं आणि मागून सगळ्यांनी "फुकट, फुकट" करत कवायत करायची. माझा शब्द पार मैदानापर्यंत पोचला म्हणून मला बरं वाटलं. पुढे घातलेला पोरगा मात्र रडका निघाला.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज काही लिहिण्यासारखं नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

लिहिते. न लिहून जाणार कुठे?

काल हॉल भरलेला होता. मी रश्शाचं पातेलं घेऊन बाकांमधून चालले होते, मूड चांगला होता माझा. मुंगी तिच्या कोपऱ्यात, झाकण आडवं. चमचा डब्यात जात होता, तोंडात जात होता. मला काय सुचलं कोण जाणे. मागून गेले आणि डबा उचलला. "बघू तरी, माझ्या बहिणीने काय पक्वान्न दिलंय!" मोठ्याने म्हणाले. सगळ्यांना ऐकू जावं म्हणूनच.

डबा रिकामा होता. खरकटाही नव्हता. घासून पुसून ठेवलेला, आतून चकचकीत. ती रिकाम्या डब्यातून रिकामा चमचा तोंडात घालत होती. किती दिवस, देव जाणे. चावत होती वर. मी पाहिलंय तिला चावताना.

कुणीतरी म्हणालं, "पलटण!" मग सगळेच. माझ्याच चालीत, माझ्यासारखा हेल काढून.

मुंगीने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. चमचा खिशात घातला आणि गेली. डबा माझ्याच हातात राहिला. आज शाळेत आली नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

डबा भरून धाकटीकडे गेले. भात, अंडी, दोन केळी. दार तिने उघडलं आणि उघडून तिथेच उभी राहिली. आत ये म्हणाली नाही. मेहुण्याच्या कारखान्याला चार महिन्यांपूर्वी कुलूप लागलं. चार महिने! आणि मी त्याच्या दाढीला नावं ठेवत होते.

"मला का नाही सांगितलंस?" मी उलट चिडूनच विचारलं. लाज वाटली की मला आधी राग येतो.

"सांगून काय झालं असतं? आम्हालाही एखादं नाव ठेवलं असतंस."

"आणि फॉर्म? सहीपुरतं तर काम होतं!"

"भरला होता. पहिल्याच दिवशी. तिने फाडला. म्हणाली, मावशी सगळ्यांसमोर ओरडते. मी म्हटलं, अगं तुझी सख्खी मावशी आहे, तुला नाही ओरडणार. तर म्हणाली, सगळ्यांनाच ओरडते."

"मी गंमत करत होते गं."

धाकटी शांतपणे म्हणाली, "ताई, वाटी घेऊन मी जायचे. तू कोपऱ्यावर उभी राहायचीस."

डबा तिच्या हातात दिला आणि आले. मुंगी आत होती. चपला दिसल्या दारात. बाहेर आली नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

वाटीचं लिहून टाकते. ही वही कुणी वाचणार नाही.

बाबा गेले त्या वर्षी आई आम्हा दोघींना वाटी देऊन शेजारी पाठवायची. मी अकराची, धाकटी सात. मी आईला पटवलं की लहान पोरीला कुणी नाही म्हणत नाही, तेव्हा दारात तिने जावं. आई म्हणाली, शहाणी माझी लेक. मग ती दार वाजवायची आणि मी कोपऱ्यावर भिंतीला चिकटून, कुणी मैत्रीण बघत नाही ना ते पाहत. ती मान खाली घालून यायची. वाटी तिने आणायची आणि वाटणी मी करायची. आणि जास्त कुणाला जायचं ते काय लिहायचं? वाढपी मी तेव्हापासूनच आहे.

एकदाही तिच्याबरोबर दारात उभी राहिले नाही. एकदाही नाही. आणि आज पन्नाशी उलटल्यावर दुसऱ्यांच्या पोरांना दारात उभं करून वर त्यांना नाव ठेवलं. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

२२ सप्टेंबर, सोमवार

मोठ्या बाईंनी बोलावलं. आयाबापांच्या सह्या येत गेल्या तरी फॉर्म एकशे अडतीसच. अडुसष्ट कमी. समोर सरकारी वही उघडी, माझ्या छान अक्षरातला शेरा: मागणी कमी. "वरून विचारणा आलीय," त्या म्हणाल्या. "मागणी नसेल तर जेवण निम्मं करायचं का, म्हणून. काय कळवू?"

मी सांगितलं. डबा, चमचा, सगळं. माझी भाची आहे तेही. वाटलं होतं, आता कामावरून काढतील, आणि काढलं असतं तर बरं झालं असतं. बाई पेनचं टोपण लावत-काढत बसल्या. म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मीही हसले होते." मग वही माझ्याकडे सरकवली. "शेरा तुमचा आहे. खोडायचा तर तुम्हीच खोडा."

खोडला. खाली लिहिलं: मागणी आहे. मागता येत नाही. कारण वाढणारी.

२३ सप्टेंबर, मंगळवार

डबा परत आला. मुंगीने तो हॉलच्या दाराशी ठेवला आणि गेली. धुतलेला. शाळेत येते, जेवणाच्या सुट्टीत नळावर उभी असते.

पोरांसमोर माफी मागायची ठरवलं होतं. उभी राहिले, डाव खाली ठेवला आणि म्हटलं, "पोरांनो, यापुढे पलटण हा शब्द कुणी काढायचा नाही." मागून एकाने ताडकन सलाम ठोकला, "होय, सरकार!" हॉल हसला. आणि मी, मेली मी, मीसुद्धा हसले. सवयच. माफी तशीच राहिली. घुमीने माझ्याकडे पाहिलंही नाही.

आजपासून रांग एकच लावलीय. यादीवर खूण नंतर करते, तोंडं आठवून. भात गार झाला तर झाला. पण पोरं येत नाहीत. एवढ्या लवकर कोण विसरणार?

२५ सप्टेंबर, गुरुवार

ताटं आवरल्यावर फॉर्मचा गठ्ठा घेऊन निघाले. घरोघरी जायचं ठरवलंय. पहिल्याच दारात एका बाईने विचारलं, "ती पलटणवाली तुम्हीच का?" हो म्हटलं. दार लागलं. दुसऱ्या दारात म्हटलं, योजना चांगली आहे, तर ऐकू आलं, आमचं बरं चाललंय. त्या बाईच्या मागे पोरगा उभा होता, तोच, मैदानावर पुढे घातलेला. माझ्याकडे बघत आईच्या पदराआड गेला.

दारात उभं राहून मागणं काय असतं ते आज कळलं. पाय जड होतात. आपलंच नाव सांगताना आवाज बारीक होतो. अकरा दारं, सह्या दोन.

२७ सप्टेंबर, शनिवार

सकाळी निघाले तर धाकटी गल्लीच्या तोंडाशी उभी. घुमीने तिला सांगितलं म्हणे. घुमी, जी दिवसाला चार शब्द बोलते! धाकटीने गठ्ठ्यातला वरचा फॉर्म घेतला, भिंतीवर धरून सही केली आणि माझ्या हातात दिला. "हा पहिला. मुंगीला सांगितलं नाहीये अजून."

मी म्हटलं, "येतेस बरोबर? तुझ्यावर तरी विश्वास ठेवतील."

"येते. पण दारात तू जायचंस. मी कोपऱ्यावर थांबते."

पहिल्या दारात मला एकदम चांगलं सुचलं. म्हटलं, "वहिनी, लाज कसली त्यात? अहो, मीही लहानपणी वाटी घेऊन दारोदार फिरलेय."

कोपऱ्यावरून आवाज आला, "खोटं!"

त्या वहिनी कोपऱ्याकडे बघायला लागल्या. धाकटी भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी. माझे कान तापले. वाटलं, पळून जावं. पण मग बोलले. "खोटं बोलले. ती जायची, ती तिथे उभी आहे ना, ती. सात वर्षांची होती. मी कोपऱ्यावर लपायचे, माझी लाज मी तिच्या अंगावर टाकायचे. आणि तुमच्या पोरांना पलटण म्हणाले तीही मीच. तुमच्या मुलीला परत कुणी काही म्हणणार नाही, असं मी सांगू शकत नाही. पण दोनशे सहा सह्या झाल्या तर कोण कोण ते कुणाला कळणारच नाही. म्हणून मागतेय."

वहिनींनी माझ्या हातातून फॉर्म घेतला. मग म्हणाल्या, "पेन आहे का?"

त्यानंतर प्रत्येक दारात हेच. प्रत्येक दारात तेवढंच जड. सरावाने सोपं होईल वाटलं होतं, होत नाही. ज्यांना गरज नाही त्यातल्या तिघींनीही सही केली, बाकीच्यांसाठी म्हणून. दुपारपर्यंत एकतीस. धाकटी एकदाही कोपरा सोडून पुढे आली नाही आणि मी तिला बोलावलंही नाही. परत येताना म्हणाली, "माझे पाय दुखले. नुसतं उभं राहणंही सोपं नव्हतं म्हणायचं तुला." चिडवत होती की काय, कळलं नाही. मला रडू आलं, तिने पिशवी घेतली माझ्या हातातून.

३० सप्टेंबर, मंगळवार

रविवारी आणि काल संध्याकाळी उरलेली दारं केली. फॉर्म दोनशे अकरा. कारकुनाने तीनदा मोजले. बाईंनी शिक्का मारला.

१३ ऑक्टोबर, सोमवार

वरून मंजुरी आली. कुपनं बंद, यादी बंद. आज ताटं तीनशे सत्तर. भात दोनदा लावावा लागला. उरलं: काही नाही.

रांगेत आधी घुमी, ती भात वाढते. मग मी, रस्सा. मुंगी आली. भात घेतला. माझ्यापुढून मान खाली घालून गेली, ताट पुढे केलं नाही. मी डाव भरून धरला होता, तसाच राहिला. कोपऱ्यात बसून कोरडा भात खाल्ला तिने. सगळा.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आजही कोरडा भात.

धाकटीला सांगितलं. म्हणाली, "मला किती वर्षं लागली, मोज." मोजली. एक्केचाळीस.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

बाईंना सांगून डाव घुमीकडे दिला. भाताला नवी बाई आली आहे. मी मागे ताटं घासते. मला कुणी पाठवलं नाही, मीच गेले. भिंतीत एक खिडकी आहे, वीतभर उंचीची, तिच्यातून ताटं येतात. तोंडं दिसत नाहीत, हात तेवढे दिसतात. कुठलं ताट कुणाचं, कळायला मार्ग नाही. सगळी सारखीच चाटूनपुसून.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज खिडकीत एक ताट आलं, पण मागचा हात गेला नाही. रश्शाने पिवळी झालेली बोटं. मग आवाज, "जरा लवकर धुवून द्या ना, स्वच्छ ताटं संपलीत. मला अजून घ्यायचंय."

आवाज मुंगीचा होता.

जिभेवर पाच गमती आल्या. एकही बाहेर काढली नाही. ताट घासलं, विसळलं, ओलं नको म्हणून पदराने पुसलं आणि खिडकीत धरलं. आत कोण आहे ते तिला ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. क्षणभर दोघींचेही हात ताटाला होते.

मग तिने घेतलं.